गेममधली गाडी खोटी वाटते? हँडलिंग मॉड टाकण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघू. "गाडी फालतू चालते" एवढ्यावरून काहीच कळत नाही, त्यामुळे खालच्यापैकी तुमचं दुखणं कोणतं ते आधी ठरवा.

- कंट्रोलरच्या स्टिकला बोट लावलेलं नसतानाही गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते.
- स्टिक थोडी हलवली तर काहीच होत नाही, आणखी केसभर हलवली की गाडी आडवी.
- स्टेअरिंग वळवल्यावर गाडी जरा उशिरा वळते. सावरायला जावं तर तोवर ती दुसऱ्या बाजूला निघालेली असते, आणि सरळ रस्ताही नागमोडी कापावा लागतो.
- ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबले की दोन्ही निकामी होतात.
- गाडीला वजनच वाटत नाही. वळणावर ती भोवऱ्यासारखी स्वतःच्या मध्याभोवती फिरते.
- मोकळ्या रस्त्यावर ठीक चालणारी गाडी गेममधल्या गर्दीच्या शहरात शिरली की बिघडते.
- चाकं उलटी फिरताना दिसतात, ड्रायव्हरचे हात आणि पुढची चाकं जुळत नाहीत, गिअर पडून गेल्यावर हात दांड्याकडे जातो.
- ऑनलाइन खेळताना इतरांच्या गाड्या उड्या मारतात किंवा एकमेकींच्या आरपार जातात.

यातलं काहीही झालं की लोक थेट हँडलिंग मॉड, म्हणजे गाडीची चाल बदलणारी बाहेरच्या कुणी बनवलेली फाइल, शोधायला लागतात. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. बोटाने दिलेला हुकूम कंट्रोलर, ड्रायव्हर सॉफ्टवेअर आणि गेमचे असिस्ट (खेळाडूला मदत करणाऱ्या सोयी) यांतून गाळून मगच फिजिक्सपर्यंत, म्हणजे गाडीच्या हालचालीच्या गणितापर्यंत, पोहोचतो. तिथून पडद्यावर येताना पुन्हा कॅमेरा, ॲनिमेशन आणि टीव्ही मध्ये येतात. अशा तक्रारी मी वर्षानुवर्षं निस्तरतोय आणि माझ्या अनुभवात दोष बहुधा या आधीच्या किंवा नंतरच्या टप्प्यांत सापडतो. फिजिक्सचा नंबर फार क्वचित लागतो.

जागा ठरवा

पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. त्याच गेममध्ये दुसरी गाडी घ्या. मग दुसरा एखादा गेम लावा. मग दुसरा कंट्रोलर मिळाला तर तो जोडा, नाहीतर कीबोर्ड.

एकच गाडी वाईट असेल तर ती बनवणाऱ्याने तशी बनवली आहे. मॉडमधून आलेल्या गाड्यांत हे सर्रास होतं: बाहेरून पत्रा देखणा, आत वजन आणि सस्पेन्शनचे आकडे दुसऱ्याच गाडीचे उचललेले. एकच गेम वाईट असेल तर सेटिंग, फ्रेमरेट (सेकंदाला पडद्यावर किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात तो आकडा) किंवा त्या गेमचा स्वभाव. सगळेच गेम वाईट असतील तर गेमला शिव्या घालणं थांबवा आणि कंट्रोलर व टीव्हीकडे बघा. हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे.

असिस्ट

सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक असिस्ट वाचा. अपडेटनंतर किंवा नवीन प्रोफाइल उघडल्यावर ते आपोआप सुरू झालेले असू शकतात.

सगळे असिस्ट सरसकट बंद करणं हा मर्दुमकीचा प्रकार आहे, उपाय नव्हे. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल खऱ्या गाड्यांतही असतात, त्यांनी गाडी खोटी होत नाही. खोटी होते ती स्टेअरिंग असिस्ट आणि आपोआप ब्रेक यांनी. ते सुरू असले की एका गाडीला दोन ड्रायव्हर होतात: तुम्ही डावीकडे जाता, गेम तुम्हाला रस्त्याच्या मधोमध ओढतो आणि तुम्हाला वाटतं गाडीच ऐकत नाही. हे दोन आधी बंद करा, एक फेरी मारा, मग स्टॅबिलिटी कंट्रोल कमी करून बघा. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

ट्रक सिम्युलेटरांत आणखी एक जागा असते. २०१२ साली आलेल्या युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये ट्रक आणि ट्रेलर यांच्या स्थिरतेचे वेगळे स्लायडर आहेत. ते स्थिरतेकडे पुरते ढकललेले असतील तर भरलेला ट्रेलरही वळणावर झुकत नाही आणि सगळं हलकं वाटतं. अशा वेळी इंजिनाचे मॉड टाकत बसण्यात अर्थ नाही, स्लायडर मागे घ्या.

कॅमेरा

"गाडी भोवऱ्यासारखी फिरते" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा बॉनेटवरचा कॅमेरा लावायला सांगतो. मागून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात बहुतेक गेम मुद्दाम थोडी ढिलाई ठेवतात: गाडी आधी वळते, कॅमेरा मागून येतो. त्या फरकामुळे गाडी रस्त्यावर न चालता पडद्याच्या मध्यावर वळतेय असं दिसतं. बॉनेटवरून किंवा ड्रायव्हरच्या जागेवरून तीच गाडी नीट वाटली तर फिजिक्स ठीक आहे आणि तुमचं भांडण कॅमेऱ्याशी आहे.

दृश्याची रुंदी, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, हीसुद्धा इथेच बघा. ती फार मोठी असली की कडेची झाडं सुसाट मागे जातात आणि ताशी ६० चा वेग १२० चा वाटतो. मग त्या वेगाला गाडी इतकी सहज कशी वळली, हा प्रश्न पडतो. गाडी बरोबर असते, वेगाचा अंदाज चुकलेला असतो.

कंट्रोलर: इथे वेळ द्या

विंडोजच्या शोधपेटीत "गेम कंट्रोलर्स" शोधलं की यूएसबी कंट्रोलर तपासण्याची जुनी खिडकी मिळते. तिथे स्टिकची फुली दिसते. बोट काढल्यावर फुली मध्यावर थांबते का? थरथरते का? पूर्ण ढकलल्यावर कडेपर्यंत जाते का? बोट काढूनही ती बाजूला राहत असेल तर गाडी ओढण्याचं कारण सापडलं. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतात. त्यात एक टोक रोधकाच्या पट्टीवर घासत फिरतं आणि ती पट्टी वापराने झिजते. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबक असतो, घासणं नसतं, त्यामुळे तिथे ही झीज होत नाही.

तात्पुरता इलाज म्हणजे डेडझोन, मध्याभोवतीचा जो भाग गेम दुर्लक्षित करतो तो. शून्यापासून सुरू करा आणि गाडी ओढायची थांबेपर्यंतच वाढवा, त्यापुढे नको. लक्षणांतलं दुसरं, "आधी काही नाही, मग एकदम आडवी", हे बऱ्याचदा डेडझोन उदारपणे वाढवल्यामुळेच येतं.

त्यानंतर प्रतिसादाची वक्ररेषा, म्हणजे स्टिक किती ढकलली की चाकं किती वळतील याचं नातं. तिला कुठे लिनिॲरिटी म्हणतात, कुठे गॅमा. तिचं महत्त्व कळायला खऱ्या गाडीकडे बघा. पुढची चाकं जास्तीत जास्त ३० ते ४० अंश वळतात, पण महामार्गावरच्या लांबट वळणाला ती एक-दोन अंशच वळलेली असतात. साध्या टायरची पकड चाकाची दिशा आणि गाडी प्रत्यक्ष जाते ती दिशा यांत साधारण ५ ते १० अंशांचा फरक पडेपर्यंत वाढते, पुढे ती कमी होऊ लागते. आता हे सगळं अंगठ्याखालच्या छोट्या स्टिकवर बसवायचं. स्टिक आणि चाक यांचं नातं सरळ रेषेत ठेवलं तर वेगात अंगठ्याची थरथरही गाडी घसरवायला पुरते. वक्ररेषा वाढवली की मध्याजवळ हालचाल बारीक होते आणि कडेला पूर्ण वळण उरतं.

वेगानुसार स्टेअरिंग कमी करणारी सेटिंग असेल तर तीही वापरा. २०१४ च्या असेटो कॉर्सामध्ये गॅमा, फिल्टर, स्टेअरिंगचा वेग आणि वेगाची संवेदनशीलता हे चारही वेगळे दिलेले आहेत. शुद्ध सिम्युलेशन म्हणवणाऱ्या गेमलाही हे लागतं, म्हणून असली सेटिंग वापरणं म्हणजे फसवणूक असं मानू नका.

कीबोर्डवाल्यांची गोष्ट वेगळी. कळ दाबलेली असते किंवा नसते, मधलं काही नाही. स्टेअरिंग किती वेगाने वळेल आणि सोडल्यावर किती वेगाने सरळ होईल हे गेम ठरवतो. सरळ होण्याचा वेग वळण्याच्या वेगापेक्षा थोडा जास्त ठेवा. नाहीतर बाण सोडल्यावरही गाडी वळतच राहते आणि तीच नागमोडी सुरू होते.

ॲक्सिलरेटर-ब्रेक एकमेकांना मारतात याचं कारण ठरलेलं आहे. एक्सबॉक्सचा कंट्रोलर गेमने जुन्या डायरेक्ट-इनपुट पद्धतीने वाचला तर डावा आणि उजवा ट्रिगर एकाच अक्षाची दोन टोकं होतात. दोन्ही दाबले की बेरीज शून्य. एक्स-इनपुट पद्धतीत ते वेगळे राहतात. गेममध्ये पद्धत निवडता येत असेल तर एक्स-इनपुट घ्या.

आणि दुहेरी इनपुट. स्टीम या पीसी गेमच्या दुकान-सॉफ्टवेअरचा कंट्रोलर-थर एक हुकूम पाठवतो आणि गेम तोच कंट्रोलर थेटही वाचतो. मग एका हालचालीला दोन प्रतिसाद येतात, मेन्यूत एका दाबात दोन पायऱ्या सरकतात. स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलर विभागात जाऊन स्टीम इनपुट फक्त त्या गेमपुरतं बंद करून बघा. जुनं जॉयस्टिक किंवा व्हील (स्टेअरिंगच्या आकाराचा कंट्रोलर) मागे लावलेलंच राहिलं असेल तर तेही काढा. त्याचा एखादा अक्ष गुपचूप स्टेअरिंगला जोडलेला असतो.

उशीर

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. तुमची हालचाल पडद्यावर दिसायला सेकंदाचा दहावा भाग लागला तर तोवर गाडी जवळपास ३ मीटर पुढे गेलेली असते. तुम्ही क्षणापूर्वी जिथे होती तिथल्या गाडीला सावरत असता, म्हणून ती सावरत नाही.

टीव्हीवर खेळत असाल तर आधी गेम मोड लावा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी जी प्रक्रिया करतो ती त्याने बंद होते, आणि कधीकधी एवढ्यावरच काम संपतं. वायरलेस कंट्रोलर एकदा वायरीने जोडून बघा. व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा, चित्र फाटताना दिसलं तरी चाचणीपुरतं चालेल. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. साध्या व्हीसिंकमध्ये ती वेळ चुकली की फ्रेम पुढच्या फेरीची वाट बघते, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद.

नव्या ग्राफिक्स कार्डांवरचं फ्रेम जनरेशनही इथेच तपासा. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घालतं. आकडा वाढतो, पण तुमच्या हुकुमाला गेम खऱ्या फ्रेममध्येच उत्तर देतो आणि वर थोडा उशीर चढतो. पडदा लोण्यासारखा गुळगुळीत आणि गाडी मात्र सुस्त, असं असेल तर संशय इथेच घ्या.

फ्रेमरेट आणि फिजिक्स

गर्दीत गाडी बदलते याचं उत्तर इथे आहे. गाडीचं गणित ठरलेल्या ठोक्यावर चालायला हवं, पडद्यावर किती फ्रेम येताहेत याच्याशी त्याचा संबंध नको. पण सगळे गेम ते पाळत नाहीत. २०१३ च्या नीड फॉर स्पीड: रायव्हल्समध्ये खेळाचं घड्याळ ३० फ्रेमशी बांधलेलं होतं. जबरदस्तीने ६० केले की अख्खा खेळ दुप्पट वेगाने पळायचा. सायबरपंक २०७७ च्या १.२ या पॅचमध्ये, २०२१ साली, स्टेअरिंगची संवेदनशीलता कमी करणारा स्लायडर तर आलाच, शिवाय फार कमी आणि फार जास्त फ्रेमरेटला स्टेअरिंग नीट चालावं म्हणून कोडही बदललं गेलं. एवढ्या मोठ्या गेममध्ये हे होऊ शकतं, तर तुमच्या गेममध्येही शक्यता धरा.

चाचणी सोपी आहे. फ्रेम ३० वर बांधा, एक ठरावीक वळण ठरावीक वेगाने घ्या. मग ६० वर तेच. गाडी वेगळी वळली तर गेमचं फिजिक्स फ्रेमला बांधलेलं आहे. उपाय: गर्दीतही टिकेल एवढ्या आकड्यावर फ्रेम कायमच्या बांधा आणि ग्राफिक्स खाली आणा. कधी १०० तर कधी ४५ यापेक्षा अखंड ६० केव्हाही बरे. फोनवर खेळणाऱ्यांनी बॅटरी बचत बंद करावी. फोन तापला की तो स्वतःहून वेग उतरवतो आणि खेळ सुरू झाल्यानंतर काही वेळाने गाडी जड होते ती यामुळे.

बीमएनजी ड्राइव्ह या गेमची तऱ्हा उलटी आहे. तो गाडीच्या सांगाड्याचं गणित सेकंदाला २००० वेळा करतो. प्रोसेसरला झेपलं नाही तर गाडी चुकीची चालत नाही, सगळं जगच संथ होतं. तिथे ग्राफिक्स उतरवून फारसं हाती लागत नाही, रस्त्यावरच्या इतर गाड्या कमी करा.

व्हील असेल तर

व्हीलच्या सॉफ्टवेअरमधला फिरण्याचा कोन आणि गेममधला कोन जुळतात का, एवढं आधी बघा. साध्या मोटारीचं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश किंवा त्याहून थोडं जास्त फिरतं. व्हील २७० वर ठेवून ९०० अंशांची गाडी चालवली तर ती चिडकीच वाटणार. फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर व्हीलमधून हाताला जो जोर देते तो, जास्तीत जास्त ठेवणं हा दुसरा सार्वत्रिक सोस. मोटरची ताकद संपली की त्यावरचे सगळे धक्के सपाट होतात, आणि टायर सुटण्याआधी स्टेअरिंग जे हलकं व्हायला हवं ते हातात येतच नाही. जोर कमी केलात तर जास्त कळेल.

ॲनिमेशन

पडद्यावर दिसणारं स्टेअरिंग गाडी वळवत नाही. गाडी आधीच वळलेली असते, हात तिच्या मागून नाचवलेले असतात. बऱ्याच गेममध्ये ते हात एका बाजूला ९० अंशांपुढे जात नाहीत, कारण हातावरून हात घेत स्टेअरिंग फिरवण्याची हालचाल प्रत्येक गाडीसाठी बनवणं कष्टाचं असतं. त्यावरून फिजिक्सचा निवाडा करू नका. व्हीलवाल्यांनी पडद्यावरचं स्टेअरिंग लपवण्याची सोय असेल तर लपवावं, अर्धा त्रास तिथेच जातो.

उलटी फिरणारी चाकं हा बिघाडच नाही. पाच आऱ्यांचं चाक सेकंदाला १२ फेऱ्या मारत असेल तर ६० फ्रेमच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेममध्ये आरे तिथेच दिसतात. टायरचा घेर २ मीटर धरला तर हा वेग ताशी ८६ किलोमीटर होतो. त्याच्या जरा खाली चाक मागे फिरताना दिसतं. मोशन ब्लर (वेगातल्या वस्तू पुसट दाखवणारी सेटिंग) सुरू केलं की खटकणं कमी होतं.

फुटपाथच्या कडेवर चढताना गाडी टुणकन उडते, त्याला मात्र उपाय नाही. अनेक गेममध्ये चाक म्हणजे सस्पेन्शनमधून खाली सोडलेली एक रेघ असते. टायरचा पुढचा गोलावा कडेला टेकला हे त्या रेघेला कळत नाही. रेघ कडेवर आली की जमीन अचानक उंच होते, आणि गाडी उडते.

ऑनलाइन उड्या मारणाऱ्या गाड्यांसाठी वरचं काहीही करू नका. दुसऱ्याची गाडी तुमच्याकडे अंदाजाने हलवलेली असते आणि खरी माहिती उशिरा आली की तिला ओढून जागेवर आणलं जातं. वायफाय सोडून नेटवर्कची वायर लावा, जवळचा सर्व्हर निवडा. तरीही उड्या मारत असतील तर लाइन समोरच्याची वाईट आहे.

फाइल्स

एवढं करूनही काही उरलं असेल तर सेव्हची प्रत बाजूला ठेवा, सगळे मॉड काढा, गेमच्या फाइल्सची पडताळणी करा आणि कंट्रोलची सेटिंग मूळ स्थितीला न्या. जीटीए ५ मध्ये मूळ गाड्यांचे गुण हँडलिंग नावाच्या एकाच फाइलमध्ये असतात. दोन मॉडनी तीच फाइल बदलली की नंतरचा आधीच्याला पुसतो. त्या गेममध्ये गाडी हवेत असताना स्टिकने वळवता येते, हे मात्र मॉडशिवायही आहे आणि मुद्दाम ठेवलेलं आहे. ते खटकत असेल तर तुम्हाला दुसऱ्या जातीचा गेम हवाय. सेटिंगमध्ये त्याचं उत्तर नाही.

इथे थांबा

स्टिक इतकी झिजली असेल की डेडझोन पाव भागावर नेऊनही गाडी ओढते, तर ती बदलायला हवी. बहुतेक कंट्रोलरमध्ये ती बोर्डला सोल्डर केलेली असते. सोल्डरिंग येत नसेल तर उघडू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आणि वॉरंटी असेल तर त्याच्याही आधी कंपनीकडे. वायरलेस कंट्रोलर फुगल्यासारखा दिसत असेल, शिवण उघडली असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तो चार्जिंगला लावू नका, दाबून बंद करू नका. व्हीलमधून जळका वास आला, ते मध्य शोधताना टोकाला जाऊन आपटू लागलं किंवा त्याचा ॲडॉप्टर हात लावता येणार नाही इतका तापला, तर प्लग काढा आणि तंत्रज्ञाला दाखवा.

दोष सगळ्या कंट्रोलरवर, मॉडशिवाय, फ्रेम बांधूनही तसाच येत असेल तर तो गेम बनवणाऱ्यांनीच दुरुस्त करायचा आहे. त्यांना कळवताना "हँडलिंग घाण आहे" असं लिहिलंत तर कुणी वाचणार नाही. गेमची आवृत्ती, प्लॅटफॉर्म, गाडीचं नाव, जागा, वेग, फ्रेमरेट, कंट्रोलर आणि कोणते असिस्ट सुरू होते हे लिहा. सोबत छोटा व्हिडिओ द्या, ज्यात तुम्ही स्टिक किती ढकलली तेही दिसेल. ३० आणि ६० फ्रेमचा फरक सापडला असेल तर दोन्हीचे व्हिडिओ जोडा.